टेबलावरची हॅट

असं समज, की तुझ्या दोन्ही डोळ्यांत नर्सने औषधाचे थेंब घातले आहेत. घाबरू नकोस, दुखत नाही. जरा चुरचुरतं आणि मग बाहुल्या उघड्या टाकलेल्या दारांसारख्या मोठ्या होतात. त्यांतून जेरुसलेमचा मे महिन्यातला दुपारचा उजेड, पांढऱ्या दगडी भिंतींवरून उसळून, न विचारता आत येतो. जवळचं काही धड दिसत नाही. स्वतःची बोटं मोजायला जावं तर ती एकमेकांत मिसळतात. आता अजून थोडं समज. तू एकाहत्तर वर्षांची बाई आहेस, चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवून घरी बसलेली. तुझ्या मांडीवर कापडी पिशवी आहे, पिशवीत एक गरम डबा आहे आणि एक कागद आहे. कागदावरची एकच ओळ भरायची राहिली आहे. जमलं? मग सरक जरा, मला जागा दे. कारण ती बाई मी आहे, बहिया सित्तोन, आणि त्या दुपारी माझ्या बाजूने कोणीतरी असावं असं मला फार वाटत होतं.

त्या ओळीत लिहायचं होतं, मोतीबिंदू काढल्यावर पंधरा दिवस मला कोण सांभाळणार. दर चार तासांनी थेंब, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, शेगडीजवळ जायचं नाही. खिडकीतली नर्स म्हणाली होती, "आजी, दीड वाजता खिडकी उघडते. तोवर नाव लिहून आणा. कोणी नसेल तर तसं सांगा, विश्रामगृहात खाट मिळते." मी घरून निघतानाच ठरवलं होतं, विश्रामगृह. माझ्या मुलाच्या, एज्राच्या घरी मी जाणार नव्हते. ज्या घराला माझ्या हातचं चालत नाही, त्या घरात पंधरा दिवस बसून दुसऱ्याच्या हातचं गिळायचं मला जमणार नव्हतं. तरी कागद कोराच राहिला होता. आता तर थेंबांमुळे लिहिताही येत नव्हतं, आणि त्याचं मला आतून बरंच वाटत होतं, बाई आजारी पडल्या म्हणून परीक्षा पुढे गेल्यावर मुलींना वाटतं तसं.

एज्रा मला दवाखान्यात घेऊन आला होता, कारण थेंब घातलेल्या माणसाला एकटं सोडत नाहीत. त्याची सात वर्षांची मुलगी तिर्त्सा बरोबर होती. आठ महिने आम्ही मायलेक एकमेकांशी बोलत नव्हतो. म्हणजे बोलत होतो, पण तिर्त्साच्या तोंडून. बसमध्ये तो म्हणाला, "तिर्त्सा, आजीला विचार, खिडकीशी बसायचंय का." मी म्हटलं, "तिर्त्सा, बापाला सांग, म्हाताऱ्या माणसाला खिडकी काय आणि दांडा काय." मग ती पोर वैतागली. "मी काय टेलिफोन आहे का?" तेव्हा मला वाटतं दोघांनाही हसू आलं होतं, पण मी त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि त्याने पाहिलं असेल तर मला कळलं नाही.

दवाखान्याच्या मागे पाइनची झाडं आहेत. त्यांच्याखाली लाकडी टेबलं टाकलेली, सुया पडून पडून टेबलांच्या फटी भरलेल्या. मांजरं तर या गावात माणसांइतकीच. एक माझ्या पायाशी येऊन बसलं, डब्याच्या वासाने. मी डब्याचं झाकण उघडलं. बोटभर लांबीचे कोवळे हिरवे भोपळे, आतून कोरून त्यांत तांदूळ आणि खिमा भरलेला, वरून चिंचेचा कोळ आणि सुके जर्दाळू. आमच्या हलबचा, म्हणजे अलेप्पोचा पदार्थ. खरं तर द्राक्षाच्या पानांत भरायचं मनात होतं, पण पानांच्या शिरांत बारीक किडे असतात आणि ते एकेक पान उन्हात धरून तपासायला डोळे लागतात. माझ्या डोळ्यांनी तपासलेलं पान एज्राने कधी मान्य केलं नसतं. म्हणून भोपळे. हे मी कोणासाठी केलं, हे मला ठाऊक होतं. इतकंच नव्हे. मांसही मी माझ्या नेहमीच्या खाटकाकडून आणलं नव्हतं. दोन बस बदलून एज्राच्या वस्तीत गेले होते, त्याच्या रब्बींचा, म्हणजे धर्मगुरूंचा, शिक्का असलेल्या दुकानात. पातेलं नवीन, सुरी नवीन, शेगडीसुद्धा शेजारणीने दिलेली, खोक्यातून पहिल्यांदाच काढलेली. मांसाला लावलेला तो शिक्क्याचा बिल्ला पिशवीत, कागदाखाली होता. पण मी ते सांगणार नव्हते. त्याने विचारायला हवं होतं. एकदा, फक्त एकदा, "आई, आज काय केलंस?" एवढं त्याने विचारावं, मग मी बिल्ला त्याच्यासमोर टाकला असता. टाकलाच असता, पत्त्यांतला एक्का टाकतात तसा.

तू म्हणशील, एवढं काय झालं होतं? काही झालं नव्हतं. माझं घर आमच्या यहुदी नियमांबाहेर कधी गेलं नाही. दुधाची भांडी वेगळी, मांसाची वेगळी, शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत दिवे. नवरा, मुराद, गेला तेव्हा एज्रा वर्षभर रोज प्रार्थनाघरात जाऊन बापासाठी म्हणायची ती प्रार्थना म्हणाला, आणि वर्ष संपल्यावर तिथून परत आलाच नाही, असं म्हण. काळा कोट, काळी हॅट, कडक रब्बी, कडक खाटीक. तिर्त्सा रांगत होती तेव्हा. एका शुक्रवारी माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून तो म्हणाला, "आई, राग मानू नकोस. आमचं आता जरा वेगळं आहे." आणि पिशवीतून कागदाच्या ताटल्या काढल्या. मी चाळीस वर्षं पोरींना हेच नियम शिकवले होते. माझ्याच फळ्यावरून उतरून नियम माझ्याच ओट्याशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी मला ओळखलं नाही. मी म्हटलं, "तुला पाजलं ते दूध कुठल्या शिक्क्याचं होतं रे?" तो लालबुंद झाला. पुढे पाच वर्षं तो येत राहिला, आपलं पाणी आपल्या पेल्यात पीत राहिला. आणि मग गेल्या पानझडीत, मांडवांच्या सणाला, मी चिंचेतलं मांस भरलेलं पातेलं घेऊन त्याच्या मांडवात गेले. सून चांगली आहे, तिने हसून पातेलं घेतलं आणि बाहेर पायरीवर ठेवलं. चार दिवसांनी ते घासून लख्ख होऊन परत आलं. मी विचारलं नाही, खाल्लं की फेकलं. त्या दिवसापासून टेलिफोन तिर्त्सा.

तर टेबलाशी मी डबा उघडला तेव्हा एज्राने कागदाचं पुडकं सोडलं. काकडी, पाव, पांढरं चीज. आमच्याकडे मांस आणि दूध-चीज एका तोंडाने एका वेळी खात नाहीत, हे तुला कोणीतरी सांगितलं असेल. मला वाटलं, आता हा उठणार. पलीकडे दोन टेबलं रिकामी होती. मी मनातल्या मनात त्याच्या उठण्याचा आवाज ऐकलासुद्धा, बाक सरकल्याचा, सुयांवरच्या बुटांचा. पण तो बसला. माझ्या समोरच बसला, मुलीला शेजारी घेऊन. पावाला स्वतःचं मीठ लावलं, खाण्याआधीचे आभार ओठांत म्हटले. आणि मग माझ्या त्या दारं उघड्या टाकलेल्या डोळ्यांसमोर एक काळा डाग हवेतून आला आणि टेबलाच्या बरोबर मध्यावर बसला.

मी म्हटलं, "तिर्त्सा, हे काय आहे?"

"बाबाची हॅट."

"डोक्यावरची?"

"डोक्यावर टोपी आहे ना आतली. वरची काढून ठेवली. मध्ये. तुझ्या नि आमच्या."

काळी, ताठ कडेची, सहा वर्षं मी जिचा राग केला ती हॅट. माझ्या डब्याच्या आणि त्यांच्या पुडक्याच्या मधोमध, भिंतीसारखी. माझ्या कानांत गरम झालं. आता भिंतसुद्धा टेबलावर आली, मी मनाशी म्हटलं, आणि तीही त्याने स्वतःच्या डोक्यावरून उतरवून. विश्रामगृह. लिही, बहिया, विश्रामगृह. मी पिशवीत हात घालून पेन शोधू लागले. बोटांना आधी बिल्ला लागला, मग कागद. पेन खाली कुठेतरी. आणि पेन शोधता शोधता, तुला आश्चर्य वाटेल, मला माझा वर्ग आठवला.

चौथीचा वर्ग, हिवाळ्यातला, रॉकेलच्या स्टोव्हचा वास, ओले लोकरीचे मोजे. फळ्यावर मी दरवर्षी तेच चित्र काढायचे, दोन ताटल्या, एकीत मांस, एकीत चीज, आणि मध्ये सुरई. ओळखीची दोन माणसं एका टेबलावर बसून एक मांस, दुसरा चीज खात असेल, तर आमच्या जुन्या रब्बींनी सांगितलंय, मध्ये एक खूण ठेवा. टेबलावर एरवी नसते अशी कुठलीही वस्तू. म्हणजे हात विसरून पलीकडे जाणार नाही. आणि माणसं अनोळखी असली तर खुणेची गरज नाही. मुली वहीत सुरई काढायच्या, तिला फुलं काढायच्या. वर्दा नावाची एक होती, पुढचे दोन दात पडलेले, सदा शंका. ती उभी राहिली. "बाई, उलट पाहिजे ना? अनोळखी माणसाशी भिंत पाहिजे. ओळखीच्याशी कशाला?" मी म्हटलं, "अनोळखी माणसाच्या ताटलीत तू हात घालशील का?" ती म्हणाली, "नाही, आई मारेल." "आणि बहिणीच्या?" "रोज घालते." सगळा वर्ग हसला. मला वाटलं, झालं, समजलं. पण ती बसेना. "आणि बाई, ओळखीची माणसं भांडली असतील तर? अबोला असेल तर? तेव्हा तर कोणी कोणाचं खाणार नाही. मग खूण नको ना?" मी म्हटलं, "तरी लागते." "का?" आणि मी, जिला मुलींचे प्रश्न जीव की प्राण, तिने त्या दिवशी घड्याळ पाहून काय सांगितलं? म्हटलं, "नियम आहे. लिही वहीत."

वर्दा, पोरी, कुठे असशील तिथे मला क्षमा कर. उत्तर द्यायला मला तीस वर्षं लागली, आणि तेही मी दिलं नाही, एका हॅटने दिलं. अबोला असला तरी हात ओळख विसरत नाही. म्हणून लागते खूण. त्या रब्बींना माणसं ठाऊक होती. पाच वर्षं एज्रा माझ्या घरात बसून आपल्या पेल्यातलं पाणी पीत होता, आणि मला वाटत होतं त्याला माझ्या ताटाचं काही वाटत नाही. परक्यासारखा बसतो. पण परका असता तर हॅट डोक्यावरच राहिली असती. शेजारच्या टेबलावरच्या माणसासमोर कोणी हॅट काढून ठेवत नाही. माझ्या मुलाला स्वतःच्या हाताची खात्री नव्हती. चिंचेचा वास येत होता, आणि पस्तीस वर्षांच्या, दाढी पोटापर्यंत आलेल्या त्या माणसाला भीती वाटत होती, की बोलता बोलता आपला हात आईच्या डब्यात जाईल.

मग मला माझ्या आईची खोली दिसली, हलबमधली, तीन जिने वरची. माझा मोठा काका विद्वान होता, आणि बाबांच्या घरातलं काही खायचा नाही, आम्हाला नियमांतलं फारसं कळत नाही म्हणून. पण दर महिन्याला गुडघे धरत तीन जिने चढून यायचा. आई त्याच्यासाठी एक अंडं उकडायची, त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या छोट्या भांड्यात. काका ते सोलायचा, आणि म्हणायचा, "बघ बहिया, याला देवानेच झाकण घालून पाठवलंय, याच्यावर कोणाचा शिक्का लागत नाही." आणि अर्धं मला द्यायचा. मी एकदा आईला विचारलं, तुला राग नाही येत? आई भांडं पुसत होती. म्हणाली, "जिने तीन आहेत गं." एवढंच. मला तेव्हा वाटलं, तिने माझं ऐकलंच नाही. आता पाइनखाली, उजेडात न्हाऊन, मला त्या बाईचे, त्या म्हाताऱ्या काकाचे, त्या अर्ध्या अंड्याचे इतके आभार मानावेसे वाटले, की डोळ्यांत पाणी आलं. थेंबांचं पाणी म्हण, हवं तर. मीही एज्राला तसंच सांगितलं असतं.

"आजी, तू का जेवत नाहीस?" तिर्त्साने विचारलं. मग चघळता चघळता म्हणाली, "तुझं ते सणाचं पातेलं होतं ना, त्यालापण असाच वास होता. बाबा पायरीवर बसून झाकण उघडून वास घेत होता."

"तिर्त्सा!" एज्रा म्हणाला.

"घेत होतास. डोळे मिटून. आई म्हणाली, अहो, आत या, सर्दी होईल."

"मग?" मी विचारलं. "मग काय केलं त्याने पातेल्याचं?"

"खालच्या मजल्यावरच्या आजोबांना दिलं. आणि ते जेवत असताना त्यांच्याजवळ बसून राहिला. सगळं संपेपर्यंत. मला पण नेलं होतं."

मांजर टेबलाखाली उगीच ओरडलं. माझा हात पिशवीत होता. बोटांत पेन नव्हतं, बिल्ला होता. तो मी बाहेर काढला आणि हॅटच्या कडेला टेकवून ठेवला. एक्क्यासारखा नाही. शाळेतली मुलगी बाईंसमोर वही तपासायला ठेवते तसा. आणि आठ महिन्यांनंतर मध्ये कोणालाही न घालता बोलले.

"एज्रा, तुमच्या खाटकाकडचं आहे. पातेलं नवीन, सुरी नवीन, शेगडी नवीन. पानं केली नाहीत, डोळ्यांमुळे. भोपळे केले."

तिर्त्साने बिल्ला उचलला आणि मोठ्याने एकेक अक्षर जुळवत वाचू लागली, "रब्बी... यांच्या... देखरेखी..."

"ठेव तो," एज्रा म्हणाला.

"बघ तरी," मी म्हटलं. "नाहीतर मागून म्हणशील."

"काय बघू, आई?" त्याचा आवाज दाढीत अडकल्यासारखा आला. "तू सांगितलंस ना." त्याने बिल्ला मुलीच्या हातातून घेतला आणि पालथा घातला. "दोन बस बदलून गेलीस? या डोळ्यांनी?"

"जिने नव्हते," मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही. त्याला कळायचं कारणही नव्हतं.

मग तो म्हणाला, "तुझ्यासाठी खोली रंगवलीय. महिना झाला. सांगायचं कसं, कळेना."

"टेलिफोन होता की," मी म्हटलं.

"टेलिफोनला सांगितलं असतं तर अख्ख्या जेरुसलेमला कळलं असतं."

"मला माहीत होतं!" तिर्त्सा म्हणाली. "निळी आहे. पण आईने सांगितलं, बोललीस तर बघ."

मी तिला जवळ बोलावलं. "ऐक, चौथीचा धडा आहे, तुला आधीच शिकवते. मांस खाल्लं तर चीजसाठी तासन्‌तास थांबायचं. पण चीज खाल्लं असेल तर मांसासाठी काय करायचं?"

"हात धुवायचे. चूळ भरायची. कोरडा पाव चावायचा."

"आणि टेबलावरचं चीज?"

"आवरायचं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांपुढे एकदम काहीतरी लखकन आलं असावं, कारण ती उडी मारून उठली. तिने पुडकं गुंडाळलं, टेबलावरचे कण तळव्याने लोटून मांजराला दिले, भिंतीजवळच्या नळाशी धावली. एज्राही उठला. मला त्याच्या पाठीची फक्त काळी रेघ दिसत होती, नळावर वाकलेली. तो चूळ भरत होता. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. एवढी चूळ कोणी भरत नाही. मी त्याला घाई केली नाही. मी पाण्याचे आभार मानत होते, नळाचे, पाइनचे, खिडकी दीडला उघडते आणि आधी नाही याचे.

तिर्त्सा आधी परत आली, पावाचा कोरडा तुकडा चघळत. आता टेबलावर एकच जेवण होतं, आणि मधोमध हॅट उगीच बसली होती. तिने ती उचलली. ठेवायला जागा दिसेना, म्हणून स्वतःच्या डोक्यावर घातली. ती नाकापर्यंत खाली आली. तशीच चाचपडत ती बाकाला वळसा घालून माझ्या बाजूला येऊन बसली, हॅट मानेवर ढकलून तिने डब्यातला भोपळा हातानेच उचलला आणि दोन घासांत संपवला. मी पिशवीतून कागद काढला, तिच्या डोळ्यांनी एकदाचं पेनही सापडलं.

"मला दिसत नाही," मी म्हटलं. "इथे एक नाव लिहायचंय. मला कोण सांभाळणार ते."

तिने फ्रॉकला बोटं पुसली. फारशी पुसली गेली नाहीत. कागदाच्या कोपऱ्यात चिंचेचा अंगठा उमटला, तो नर्सने नंतर मला दाखवला. मग जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत तिने त्या ओळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, तिर्त्सा सित्तोन. ओळ तिथेच भरली. बापाचं नाव तिने तिच्याखाली, उरलेल्या जागेत, बारीक करून लिहिलं.